फोडातले पाणी काय सांगते

भाजलेल्या मुलाची जखम किती खोल आहे, हे पहिल्या दिवशी नुसते बघून खात्रीने सांगता येत नाही. बर्न्स वॉर्डात उभे आयुष्य घालवलेले सर्जनही हे मोकळेपणाने मान्य करतात. अनुभवी डॉक्टरांचे असे अंदाज नंतर पडताळून पाहिले, तेव्हा ते साधारण ६० ते ७५ टक्के वेळाच बरोबर निघाले. दोन टोकांच्या जखमा ओळखणे सोपे असते. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी आठवड्याभरात बरी होते; पांढरीफटक किंवा काळपट, चामड्यासारखी कडक, स्पर्शही न कळणारी कातडी आपली आपण भरून येत नाही. घोळ होतो तो या दोहोंच्या मधल्या जखमांत. आणि लहान मुलांच्या जखमा बहुतेक करून मधल्याच असतात, कारण ही मुले आगीपेक्षा चहाने आणि गरम पाण्याने जास्त पोळतात. मधल्यांतली वरवरची जखम दोन आठवड्यांत भरते आणि मागे फारसे काही ठेवत नाही. मधल्यांतली खोल जखम तीन आठवड्यांपलीकडे रेंगाळते आणि जाड, खाजणारा, आखडणारा व्रण सोडते. मूल वाढते, पण व्रण त्याच्याबरोबर वाढत नाही. अशा जखमेवर वेळेत त्वचारोपण केले तर कोपर, बोटे, मान वाचते. गरज नसताना केले, तर मांडीची चांगली कातडी काढून मुलाला आणखी एक जखम दिली, एवढेच होते.

पनवेलमध्ये हा प्रश्न तातडीचा होतो तो इथल्या रस्त्यांमुळे. कळंबोलीला एक्स्प्रेसवे सुरू होतो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो. पेणकडून, खालापूरकडून, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरून एखादे भाजलेले मूल मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले, की वाटेत पनवेल लागते. इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुढे ऐरोलीला फक्त भाजलेल्यांसाठी चालणारे नॅशनल बर्न्स सेंटर आहे आणि खाडीपलीकडे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. मूल इथेच ठेवायचे की पुढे पाठवायचे, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तासाभरात ठरवावे लागते, आणि ज्यावर ते ठरते ती खोली तर तिसऱ्या दिवशी कळते. मुले पोळतात कशाने? कामोठे-खारघरच्या टॉवरमध्ये चहाचा कप, कुकर आणि बादलीत सोडलेला हीटरचा रॉड. पाड्यावर चूल, पेजेचे पातेले आणि अंघोळीच्या पाण्याचा हंडा. घरे वेगळी असली तरी वय एकच असते: नुकते चालायला लागलेले, दिसेल ते ओढणारे.

मुलाची कातडी पातळ असते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या पातळपणाची किंमत सेकंदांत मोजता येते. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या हार्वर्डच्या दोन शास्त्रज्ञांनी १९४७ साली डुकरांच्या कातडीवर आणि स्वयंसेवकांवर प्रयोग करून तापमान आणि वेळ यांचे गणित मांडले. ४४ अंशांना त्वचेचा वरचा थर मरायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. ही मोठ्या माणसाच्या जाडीच्या कातडीची गोष्ट झाली. वर्षाच्या बाळाला त्याहून कमी वेळ पुरतो, आणि नुकताच गाळून कपात ओतलेला चहा ६० अंशांहून बराच गरम असतो. त्यातून बाळाच्या अंगावर झबले असले, तर भिजलेले कापड ती उष्णता कातडीला चिकटवून धरते.

जखमेचा विस्तार मोजण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटलेला आहे. बोस्टनच्या लंड आणि ब्राउडर या डॉक्टरांनी १९४४ साली वयाप्रमाणे बदलणारा तक्ता दिला, तो आजही वॉर्डात भिंतीवर लावलेला असतो. मोठ्या माणसाचे डोके म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा ७ टक्के भाग; नवजात बाळाचे डोके १९ टक्के. मोठ्यांसाठीचा नऊ-नऊ टक्क्यांचा हिशेब बाळाला लावला तर चेहरा पोळलेल्या मुलाची जखम कागदावर लहान दिसते आणि सलाईन कमी पडते. दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाजलेल्या मुलाला शिरेतून पाणी द्यावेच लागते, म्हणून हा हिशेब चुकवून चालत नाही. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट सुमारे एक टक्का, एवढे लक्षात ठेवले तरी फोनवर डॉक्टरला नीट माहिती देता येते.

खोलीचा प्रश्न मात्र फार जुना. पनवेल हे १८७२ पासून श्री धूतपापेश्वरच्या औषध कारखान्याचे गाव, तेव्हा इथे सुश्रुताची आठवण काढायला हरकत नाही. सुश्रुतसंहितेत भाजण्याच्या चार पायऱ्या दिल्या आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. पहिलीत नुसता रंग बदलतो आणि आग होते, दुसरीत फोड येतात आणि वेदना तीव्र असतात. अतिदग्धाच्या लक्षणांत मांस लोंबणे, शिरा-स्नायू उघडे पडणे येते, आणि त्याबरोबर ताप, तहान आणि मूर्च्छाही येते. मला यातली शेवटची तीन लक्षणे फार महत्त्वाची वाटतात. जखमेची तीव्रता सांगताना सुश्रुत कातडीपाशी थांबला नाही, त्याने सगळ्या शरीराकडे पाहिले. आज ज्यांना बायोमार्कर म्हणतात, म्हणजे रक्तात किंवा शरीरातल्या इतर द्रवांत मोजता येणाऱ्या खुणा, त्यांचा शोध याच दिशेने चालला आहे.

आता डोळा कुठे कमी पडतो ते पाहू. बर्मिंगहॅमच्या डग्लस जॅक्सन यांनी १९५३ साली दाखवले की भाजलेल्या जागेत तीन पट्टे असतात. मध्यभागी मेलेली ऊती, कडेला नुसता लाल झालेला भाग, आणि या दोहोंच्या मध्ये असा पट्टा की जिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावलेला असतो, पण पेशी अजून जिवंत असतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत हा मधला पट्टा वाचतो किंवा मरतो. पाणी कमी पडले, जंतू शिरले, रक्तदाब घसरला, तर तो मरतो आणि जखम खोल होते. म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टरचा डोळा चुकतो असे म्हणणे अर्धेच खरे आहे. जखमेचेच अजून ठरलेले नसते. बोटाने दाबून रंग परत येतो का हे बघतात, टोचून कळते का हे बघतात. पण घाबरलेले दोन वर्षांचे मूल टोचण्याआधीच रडत असते, मग त्या रडण्यातून काय समजायचे? लेझर डॉप्लर नावाचे यंत्र त्वचेतला रक्तप्रवाह मोजते आणि दोन-तीन दिवसांनंतर त्याचे उत्तर डोळ्यापेक्षा बरेच विश्वासार्ह असते. ते महाग आहे, आणि त्याच्यासमोर मुलाने हलायचे नसते.

म्हणूनच काही संशोधकांचे लक्ष फोडाकडे गेले. उष्णतेने कातडीचा वरचा थर खालच्यापासून सुटतो आणि मधल्या पोकळीत रक्तातला पातळ भाग झिरपतो, तो फोड. त्या पाण्यात रक्तातली प्रथिने असतात, मेलेल्या पेशींतून सांडलेले पदार्थ असतात, सुजेचे निरोप नेणारी रसायनेही असतात. एका अर्थी जखमेने स्वतःच काढून ठेवलेला तो नमुना आहे. ड्रेसिंगच्या वेळी तो फोड उघडला जातो, पाणी गॉजमध्ये शोषले जाते आणि गॉज कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते.

ब्रिस्बेनमध्ये रॉय किंबल, लीला कटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या फोडांतले हे पाणी जपून ठेवले आणि त्यात काय काय आहे ते तपासले. २०१५ साली त्यांनी हिमोग्लोबिनविषयीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: जखम जितकी खोल आणि तिला भरायला जितका जास्त वेळ लागला, तितके फोडातल्या पाण्यात हिमोग्लोबिन जास्त. पुढच्या वर्षी त्याच पाण्यातल्या प्रथिनांची सविस्तर यादी आली. हिमोग्लोबिनचे कारण समजायला सोपे आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्या खालच्या थरात असतात, आणि जसजसे खोल जावे तसतशा मोठ्या. उष्णता जितकी खाली पोहोचेल, तितक्या जास्त वाहिन्या फुटतील, तितक्या जास्त लाल पेशी विरघळतील, आणि त्यांच्यातले हे रंगद्रव्य वर फोडात येईल.

या खुणेची एक गोष्ट मला विशेष पटते. अगदी वरवरच्या जखमेला फोड येत नाही, आणि पूर्ण खोल जखमेलाही बहुधा नीटसा फोड येत नाही, तिथे कातडी सुकून कडक होते. फोड येतो तो मधल्या जखमांना. जिथे डोळा अडतो, नेमका तिथेच हा नमुना आपोआप हाती येतो. शिवाय मुलाला सुई टोचावी लागत नाही. मोठ्या माणसाचे पाच मिलीलिटर रक्त काढले तर त्याला पत्ताही लागत नाही, पण दहा किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून जेमतेम ८०० मिलीलिटर रक्त असते. रोज तीन-तीन ट्यूब भरल्या, तर तपासणीच त्याला फिके करते.

फोडातले पाणी तपासण्याची सोय अजून कॅज्युअल्टीच्या टेबलावर आलेली नाही. ती आली तर सर्वांत मोठा फायदा पनवेलसारख्या ठिकाणांना होईल, असे माझे मत आहे. हिमोग्लोबिन मोजणे ही कुठल्याही तालुक्याच्या लॅबमधली रोजची गोष्ट आहे. लघवीतले रक्त ओळखणारी कागदी पट्टी हिमोग्लोबिनमुळेच रंग बदलते. ती जशीच्या तशी इथे चालणार नाही, कारण प्रमाण वेगळे असते. पण तत्त्व स्वस्त आहे, आणि आपल्याकडे स्वस्त तत्त्वाला फार मोल आहे.

स्वस्तात उपाय शोधण्याची परंपरा आपल्या शेजारचीच आहे. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर लावल्या आणि १९८५ साली त्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. सालीची आतली बाजू जखम ओलसर ठेवते, ड्रेसिंग काढताना चिकटत नाही, आणि मूल ओरडत नाही. शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवर काम केले. देशातली पहिली त्वचापेढीही त्यांनीच तिथे २००० साली उभी केली. महागडी आयात वस्तू नसेल तर हात बांधून बसायचे नाही, हे या दोघांनी शिकवले. मात्र एक सांगायला हवे. केसवानींच्या सालीचे नाव घेऊन घरी जखमेवर कच्चा बटाटा किसून लावणे हा प्रकार वेगळा आणि घातक आहे. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कांद्याचा रस यांचेही तसेच. त्याने जखमेत जंतू तर शिरतातच, वर तिचा खरा रंग झाकला जातो आणि डॉक्टरला तो लेप खरडून काढावा लागतो. फोड घरी फोडला तर तोही गेला आणि त्यातली माहितीही गेली.

घरी करायचे ते एकच: नळाचे गार पाणी, वाहते, वीस मिनिटे. बर्फ नको. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. ब्रिस्बेनच्याच गटाने २०२० साली २,४९५ मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या जखमेवर पुरी वीस मिनिटे पाणी गेले होते, त्यांच्यात त्वचारोपणाची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली. जॅक्सन यांचा तो मधला पट्टा आठवला की यातले कारण ध्यानात येते. पाड्यावर नळ नसेल, तर तांब्या-तांब्याने ओतत राहावे. बाळाचे बाकीचे अंग मात्र कोरडे आणि पांघरलेले ठेवावे, नाहीतर ते गारठते.

जखम मोठी असली, की खुणा रक्तात शोधाव्या लागतात. भाजल्यानंतर काही तासांतच इंटरल्युकिन-६ नावाचे रसायन रक्तात वाढते. ते यकृताला सांगते आणि यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागते. सीआरपी हे नाव आज घरोघरी पोहोचले आहे. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी ते प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात शोधले. भाजलेल्या मुलात अडचण अशी, की जंतू नसतानाही सीआरपी वर जाते, कारण जळलेली ऊती स्वतःच सूज पेटवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते चढलेले दिसले म्हणून घाबरून भारी अँटिबायोटिक सुरू करणे ही चूक वारंवार होते.

प्रोकॅल्सिटोनिन ही रक्तातली खूण त्यामानाने नेमकी. १९९३ साली पॅरिसच्या अस्सिको, बोउआँ आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले, की जिवाणूंचा गंभीर संसर्ग झालेल्या मुलांच्या रक्तात हा पदार्थ प्रचंड वाढतो आणि विषाणूंच्या आजारात फारसा वाढत नाही. त्या कामात भाजलेले रुग्णही होते, आणि त्यांच्यात त्याचे चढउतार संसर्गाच्या झटक्यांबरोबर झाले होते. पण भाजण्याने तेही थोडे वाढते, म्हणून एका आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो. पावसाळ्यात गाढी नदीच्या पुलाखालची पातळी एकदा बघून कोणी घर सोडत नाही. पाणी चढते आहे की उतरते आहे, हे पाहतात. उतरू लागलेले प्रोकॅल्सिटोनिन चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढले, तर तो इशारा मानायचा.

याहून साध्या खुणाही आहेत, आणि त्यांची उपेक्षा होते याचे मला वाईट वाटते. रक्तातले लॅक्टेट: ते सलाईन देऊनही उतरत नसेल, तर ऊतींना रक्त पुरत नाही, म्हणजे तो मधला पट्टा मरण्याच्या मार्गावर आहे. अल्ब्युमिन: केशवाहिन्या पाझरू लागल्या की ते पहिल्याच दिवशी घसरते. प्लेटलेट: पहिल्या काही दिवसांत त्या कमी होतातच, नंतर वाढतात, वाढलेल्या प्लेटलेट पुन्हा कोसळल्या तर संसर्गाचा संशय घ्यायचा. अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ साली भाजलेल्यांतील सेप्सिसचे निकष ठरवले, त्यांत प्लेटलेटचा निकष सुरुवातीचे तीन दिवस धरू नये असे म्हटले आहे, आणि मुलांच्या नाडीचे, श्वासाचे आकडे वयाप्रमाणे वेगळे धरले आहेत. त्याच यादीत नळीने दिलेले दूध न पचणे हीही खूण आहे. तिला लॅब लागत नाही, लक्ष देणारी सिस्टर लागते.

एका आजाराविषयी वेगळे सांगितलेच पाहिजे, कारण तो छोट्या जखमेत येतो. दहा टक्क्यांच्या आतले पोळणे, जखम स्वच्छ, मूल घरी सोडलेले; आणि दोन-चार दिवसांत अचानक खूप ताप, अंगावर लालसर पुरळ, उलट्या-जुलाब, मूल चिडचिडे किंवा मलूल. हा टॉक्सिक शॉक असू शकतो. जखमेवर बसलेला स्टॅफिलोकॉकस जिवाणू एक विष सोडतो, आणि लहान मुलांच्या रक्तात त्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे अजून तयार झालेली नसतात. रक्त तपासले तर लिम्फोसाइट घटलेले दिसतात. जखमेकडे पाहून काहीच कळत नाही, ती चांगलीच दिसत असते. गोवराचे पुरळ किंवा पोट बिघडले समजून घरी थांबणे इथे जिवावर बेतते. भाजल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मुलाला ताप आणि पुरळ एकत्र दिसले, तर रात्री दोन वाजले असले तरी निघायचे आणि कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात सांगायचे की हे मूल भाजलेले आहे.

खूप मोठ्या जखमांचा हिशेब निराळा आहे. टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनच्या मुलांच्या बर्न्स रुग्णालयातील ३० टक्क्यांहून अधिक भाजलेल्या ९५२ मुलांच्या नोंदी २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आल्या. त्यांवरून दिसले, की चांगल्या केंद्रात ६० टक्क्यांच्या आसपास तो उंबरठा लागतो, ज्याच्या पलीकडे मृत्यूचा आणि गुंतागुंतीचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे त्याच्या अलीकडचे मूल वाचवता येते असे धरून धावले पाहिजे. ३० किंवा ४० टक्के भाजलेल्या मुलाविषयी ‘आता काय उरले’ असे बोलणारे नातेवाईक आपल्याकडे आजही भेटतात. त्यांना हा आकडा कोणीतरी सांगायला हवा.

त्याच गॅल्व्हेस्टनने आणखी एक गोष्ट दाखवली. गंभीर भाजलेल्या ९७७ मुलांचा पाठपुरावा करून त्यांनी २०११ साली लिहिले, की जखमा भरून गेल्यावरही शरीरातली तणावाची पेट तीन वर्षांपर्यंत विझत नाही. तणावाची संप्रेरके चढलेली राहतात, हृदय वेगाने धडधडत राहते, स्नायू झिजतात. डेव्हिड हर्नडन यांनी २००१ साली प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचे जुने, स्वस्त औषध भाजलेल्या मुलांना देऊन हृदयाचा वेग सुमारे २० टक्क्यांनी खाली आणला, तेव्हा स्नायूंची झीजही थांबली. औषध अर्थात डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे. पण यातून नाडीचा वेग ही किती बोलकी खूण आहे ते कळते.

अशी मुले घरी गेल्यावर उंचीत मागे पडतात, वजन धरत नाहीत. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ड्रेसिंगच्या तारखा लिहिलेल्या असतात, व्रणाला लावायचे तेल आणि प्रेशर गारमेंट लिहिलेले असते. नाडीचा वेग, उंची आणि वजन तिथे क्वचितच सापडते. हे तीन आकडे मूल घरी सोडण्याच्या दिवशी लिहून द्यावेत आणि पुढे दर महिन्याला अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या दिवशी आशाताईंनी तेच पुन्हा मोजून त्याच कार्डावर चढवावेत. वजनकाटा आणि उंचीची पट्टी अंगणवाडीत असतेच. सलग दोन महिने वजन वाढले नाही, की मूल पुन्हा कामोठ्याला किंवा ऐरोलीला दाखवायचे, एवढे आईला निघतानाच सांगून ठेवायचे.